ऑक्टोपसची टाकी बंद करण्याआधी

ऑक्टोपसला सार्वजनिक मत्स्यालयात ठेवणं बंदच करावं, असं म्हणणारे लोक आहेत आणि त्यांचं म्हणणं हलक्यात काढण्यासारखं नाही. हा प्राणी हुशार आहे, चौकस आहे, समुद्राच्या तळाशी एकट्यानं हिंडून शिकार शोधणारा आहे. त्याला काचेआड कोंडायचं, वर दिवे लावायचे आणि तिकीट काढून आलेल्या गर्दीनं त्याच्यासमोर अर्धा मिनिट थांबून पुढं जायचं, यातून कोण काय शिकतं, असा त्यांचा सवाल आहे. त्यांच्या मते टाकीत दिसतो तो एक कैदी, आणि कैद्याकडं बघून ऑक्टोपस कळत नाही. ज्यांना बघायचंच आहे त्यांच्यासाठी चांगले माहितीपट आहेत, पाणबुड्यांनी केलेली चित्रणं आहेत. या मांडणीमागची कळकळ मला मान्य आहे. मत्स्यालयांवरचा त्यांचा बराचसा राग मला रास्तही वाटतो. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. तो का चुकतो हे समजायचं तर आज ऑक्टोपसबद्दल जे छातीठोकपणे बोललं जातं ते आपल्याला कळलं कुठून, इथून सुरुवात करावी लागेल.

ॲरिस्टॉटलनं ऑक्टोपसला मूर्ख ठरवलं होतं. कारण काय, तर पाण्यात हात घातला की तो पळून न जाता हाताजवळ येतो. आज तीच कृती आपण कुतूहल म्हणून वाचतो. प्राणी बदललेला नाही, त्याच्या वागण्याचा अर्थ लावण्याची आपली कुवत बदलली आणि ती बदलायला फार काळ लागला. कोळ्यांना त्याच्या लपण्याच्या जागा ठाऊक होत्या, खवय्यांना त्याची चव. पण जाळ्यातून ताटात जाणाऱ्या प्राण्याचा स्वभाव कोणाला कळणार? इटलीत नेपल्सच्या किनाऱ्यावर आंटोन डोर्ननं १८७२ साली सागरी संशोधन केंद्र उभारायला घेतलं आणि त्याच इमारतीतलं मत्स्यालय १८७४ साली लोकांसाठी उघडलं. तिकिटाच्या पैशातून संशोधनाचा खर्च निघावा हा त्यामागचा सरळ हिशेब होता. दुसऱ्या महायुद्धानंतर जे. झेड. यंग आणि ब्रायन बॉयकॉट यांनी ऑक्टोपसच्या स्मरणशक्तीवर जे पायाभूत काम केलं ते याच केंद्रात. एका ऑक्टोपसला दोन चेंडूंपैकी ठरावीक रंगाचा चेंडू निवडताना दुसरा ऑक्टोपस बघत असेल तर तोही पुढं तसंच निवडतो, हा ग्रात्सियानो फिओरितो आणि पिएत्रो स्कोत्तो यांचा १९९२ सालचा निष्कर्षही तिथलाच. ऑक्टोपसच्या शरीरात सुमारे ५० कोटी चेतापेशी असतात आणि त्यांतल्या जवळजवळ दोन तृतीयांश त्याच्या आठ बाहूंत पसरलेल्या असतात, हे शवविच्छेदनातून कळतं. पण एवढ्या चेतापेशींनी तो करतो काय, हे कळायला जिवंत ऑक्टोपस समोर असावा लागतो, आणि बराच काळ असावा लागतो.

या शेवटच्या अटीवर माझा सगळा भर आहे, म्हणून सिॲटलचं उदाहरण सविस्तर सांगतो. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचं सिॲटल ॲक्वेरियम १९७७ साली सुरू झालं. ते एलियट उपसागराच्या काठावर, धक्क्यावरच उभं आहे आणि टाक्यांतलं पाणी त्याच उपसागरातून येतं. उत्तर पॅसिफिकमधला महाकाय ऑक्टोपस हे तिथलं एक मुख्य आकर्षण. या जातीचा पूर्ण वाढलेला प्राणी बाहू पसरून चार मीटरपर्यंत जाऊ शकतो आणि त्याच्या बाहूंवर दोन हजारांहून अधिक चूषक असतात. प्रत्येक चूषक पकडतो तसा चवही घेतो. तिथले कर्मचारी आणि स्वयंसेवक मोजक्याच प्राण्यांना नावं देत: सील, समुद्री पाणमांजरं आणि ऑक्टोपस. माशांना नावं मिळत नसत. एका ऑक्टोपसचं नाव होतं लुक्रेशिया मॅकईव्हिल. तिनं टाकीतल्या सामानाची नासधूस केली होती. एक सतत आड दडून राहायची, तिला एकांतप्रिय कवयित्रीच्या नावावरून एमिली डिकिन्सन म्हणत. रॉलंड अँडरसन हे तिथले जीवशास्त्रज्ञ. ही नावं उगाच पडलेली नाहीत, रोज खाऊ घालणाऱ्या माणसांना या प्राण्यांत काही फरक खरोखरच दिसतो आहे, हे त्यांनी गंभीरपणे घेतलं आणि कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ जेनिफर मॅदर यांच्यासोबत तो फरक मोजायला घेतला. लाल ऑक्टोपस या लहान जातीचे ४४ प्राणी निवडले. प्रत्येकाला तीन प्रसंगांतून नेलं: टाकीचं झाकण उघडून डोकावणं, परीक्षानळी धुण्याच्या ब्रशनं हलकेच डिवचणं आणि खेकडा देणं. काही जण डिवचल्यावर ब्रश धरून ओढत, काही कोपऱ्यात सरकत, काही शाईचा ढग सोडून निघून जात. आणि जो जसा वागे तो पुढच्या खेपेलाही बराचसा तसाच वागे. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या या निबंधानं पाठीचा कणा नसलेल्या प्राण्याच्या बाबतीत ‘व्यक्तिमत्त्व’ हा शब्द पहिल्यांदा ठामपणे वापरात आणला.

त्यापुढची दोन कामं याच मत्स्यालयातली आणि याच दोघांच्या पुढाकारातली. १९९९ सालच्या निबंधात आठ महाकाय ऑक्टोपसांच्या टाकीत औषधाच्या गोळ्यांची रिकामी, तरंगणारी बाटली सोडली होती. बाटली खाण्यासारखी नाही हे चाचपून कळल्यावर बहुतेकांचा तिच्यातला रस संपला. दोघांनी मात्र अंगातल्या नळीतून पाण्याचा झोत मारून बाटली टाकीत येणाऱ्या प्रवाहाकडं ढकलली, प्रवाहानं ती परत आणली, त्यांनी ती पुन्हा ढकलली, आणि हे पुनःपुन्हा चाललं. भूक नाही, भीती नाही, काही मिळणार नाही, तरी केलेली ही कृती. तिला खेळ म्हणायचं नाही तर दुसरं काय म्हणायचं? २०१० साली आणखी एक निबंध आला. एकसारखे कपडे घातलेल्या दोन माणसांपैकी एक रोज खाऊ द्यायचा, दुसरा काटेरी टोकाची काठी टोचायचा. दोन आठवड्यांत ऑक्टोपसांचं वागणं दोघांच्या बाबतीत वेगळं झालं. खाऊ देणारा वरून नुसता डोकावला तरी ते जवळ येत. दुसरा दिसताच मागं सरत आणि पाण्याची नळी त्याच्या दिशेनं रोखत. आता हे तीनही निष्कर्ष कशामुळं शक्य झाले ते पाहा. तोच प्राणी, तीच माणसं, दिवसामागून दिवस. समुद्रात उतरलेल्या पाणबुड्याला श्वासाची हवा संपेपर्यंतचा वेळ मिळतो आणि दुसऱ्या दिवशी कपारीत तोच ऑक्टोपस असेल याची खात्री नसते. शुद्ध प्रयोगशाळेतही एक अडचण असते. पीटर ड्यूज यांनी १९५९ साली नेपल्समध्ये केलेल्या प्रयोगाचा अहवाल प्रसिद्ध केला. तीन ऑक्टोपसांना दांडी ओढून खाऊ मिळवायला शिकवायचं होतं. दोघं शिकले. चार्ल्स नावाच्या तिसऱ्यानं दांडी मोडली, दिवा पाण्यात ओढला आणि माणसांवर पाणी उडवलं. प्रयोगाच्या हिशेबात चार्ल्स नापास. सांभाळणाऱ्याच्या नजरेतून पाहिलं तर तिघांत सर्वांत जास्त माहिती चार्ल्सनंच दिली. मत्स्यालयातल्या माणसाला प्रयोग तडीस नेण्याची घाई नसते; त्याला तो प्राणी उद्याही सांभाळायचा असतो, म्हणून त्याच्या खोड्या लक्षात ठेवाव्या लागतात. ऑक्टोपसचा स्वभाव कळण्यात या सांभाळणाऱ्या माणसांचा वाटा मोठा आहे आणि वादात तो नेहमी विसरला जातो.

यावर असं उत्तर येईल की ठीक आहे, शिकून झालं, आता पुरे. टाकीनं आपलं काम केलं. तिनंच दिलेल्या ज्ञानाचा आदर करायचा तर ती मोडायला हवी. या युक्तिवादात नैतिक वजन आहे. तरी मला तो पटत नाही, कारण त्यात शिकणं म्हणजे एकदा भरून ठेवायची कोठी आहे असं गृहीत धरलेलं आहे. ऑक्टोपसच्या सुमारे ३०० जाती आहेत. वागण्याच्या दृष्टीनं बऱ्यापैकी अभ्यासलेल्या त्यांतल्या अगदी थोड्या. आणि जे ज्ञान आहे त्याच्यावर कायदे उभे राहू लागले आहेत. ब्रिटनमध्ये २०२१ साली जोनाथन बर्च यांच्या गटानं तीनशेहून अधिक अभ्यास तपासून ऑक्टोपस आणि त्याच्या भाईबंदांना वेदना जाणवते असं मानण्याला भक्कम आधार असल्याचं सांगितलं आणि २०२२ च्या प्राणीकल्याण कायद्यात त्यांचा समावेश झाला. २०२४ साली वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या अमेरिकी राज्यांनी खाण्यासाठी ऑक्टोपसची शेती करण्यावर बंदी घातली. स्पेनमधली एक मोठी कंपनी कॅनरी बेटांवर अशा शेतीसाठी धडपडते आहे, तेव्हा हा वाद संपलेला नाही. या सगळ्याचं श्रेय मी सार्वजनिक मत्स्यालयांना देत नाही. वेदनेबद्दलचा पुरावा मुख्यतः प्रयोगशाळांतला आहे. पण प्रयोगशाळांतही टाक्याच असतात, फक्त तिथं लोकांना प्रवेश नसतो. लोकांसमोरची टाकी बंद झाली आणि बंद दाराआडची चालू राहिली, तर ऑक्टोपसचं भलं होतं की फक्त आपल्या डोळ्यांसमोरचं टळतं? ज्या प्राण्याबद्दल कायदे व्हायचे आहेत त्याला सामान्य माणसानं कधी पाहिलेलंच नसेल, तर कायद्याच्या बाजूनं बोलेल कोण?

इथं मत्स्यालयांच्या पाठीराख्यांनाही थांबवायला हवं. ते म्हणतात, आमच्याकडं येऊन गेलेला माणूस बदलतो, निसर्गरक्षक होतो. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेनं २००७ साली असा अभ्यास प्रसिद्ध केला होता. लॉरी मरिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली त्याची पद्धत तपासून दाखवली आणि असा कोणताही दावा त्यातून सिद्ध होत नाही, हे सांगितलं. त्यांची टीका मला बिनतोड वाटते. एका रविवारच्या भेटीनं माणूस पालटतो असं म्हणणं हा जाहिरातीचा भाग आहे, तो सोडून द्यावा. टाकीचा परिणाम असलाच तर तो संथ असतो, एका माणसावर कमी आणि एखाद्या गावाच्या सवयीवर जास्त. सिॲटलमध्येच असं काही घडलेलं दिसतं. २०१२ सालच्या ऑक्टोबरअखेर, मत्स्यालयाच्या समोर, एलियट उपसागराच्या पलीकडच्या काठावर, पाणबुड्यांच्या आवडत्या एका ठिकाणी एका तरुणानं महाकाय ऑक्टोपस पकडून मारला. त्याच्याकडं परवाना होता. नियमानुसार दिवसाला एक ऑक्टोपस धरायची मुभा होती. त्याचं कृत्य पूर्णपणे कायदेशीर होतं. तरी तिथं असलेल्या पाणबुड्यांनी त्याचे फोटो काढले आणि शहरात संतापाची लाट उसळली. हा ऑक्टोपस दुर्मीळ नाही, त्याची संख्या चांगली आहे, हे मत्स्यखात्यानं सांगितलं. लोकांचं समाधान झालं नाही. सुनावण्या झाल्या आणि २०१३ साली सिॲटलच्या पुजेट साउंड या खाडीतल्या सात ठिकाणी हौशी शिकाऱ्यांना ऑक्टोपस धरायला बंदी झाली.

या घटनेचा अर्थ जपून लावायला हवा. आवाज उठवला तो पाणबुड्यांनी, मत्स्यालयाच्या प्रेक्षकांनी नव्हे. बंदी सात ठिकाणांपुरतीच आहे. बाकीच्या पाण्यात परवाना घेऊन ऑक्टोपस आजही धरता येतो. पण एवढं तरी स्पष्ट आहे की संख्या कमी झाली म्हणून हा नियम बदलला नाही. तो बदलला कारण पुष्कळ माणसांना त्या कपारीतल्या प्राण्याशी आपली ओळख आहे असं वाटत होतं. खेकडा किंवा सामन मासा धरला म्हणून त्याच शहरानं असा गहजब केला नसता. पाणबुडे मोजके, सुनावणीच्या वेळी त्यांचं म्हणणं ऐकून घेणारं, वर्तमानपत्रांना पत्रं पाठवणारं शहर मात्र पस्तीस वर्षं शाळेच्या सहलींतून त्याच प्राण्यासमोर उभं राहत आलेलं होतं. या दोन गोष्टींचा संबंध आकड्यांनी सिद्ध करता येणार नाही. मला तो संबंध खरा वाटतो, आणि ज्यांना वाटत नाही त्यांनी ऑक्टोपसबद्दल एवढी आपुलकी नेमक्या याच शहरात का, याचं दुसरं कारण द्यावं.

माहितीपटाचा पर्याय आता तपासू. ‘माय ऑक्टोपस टीचर’ हा २०२० सालचा चित्रपट जगभर पाहिला गेला, त्याला ऑस्कर मिळालं, आणि त्यानंतर ऑक्टोपस खाणं सोडल्याचं अनेकांनी सांगितलं. चांगली गोष्ट आहे. पण तो चित्रपट झाला कसा? एक माणूस दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या समुद्री शेवाळाच्या जंगलात जवळजवळ वर्षभर रोज एकाच ऑक्टोपसला भेटत राहिला. म्हणजे पद्धत तीच, सिॲटलमधल्या सांभाळणाऱ्यांची. प्रेक्षकाच्या वाट्याला त्या वर्षाचा दीड तास आला, निवडलेला, संगीत लावलेला, एका माणसाच्या दुःखाभोवती गुंफलेला. त्यातून गाळलं गेलं ते ऑक्टोपसचं बहुतांश आयुष्य: काहीच न घडणं. ऑक्टोपसच्या निळ्या, तांब्यावर चालणाऱ्या रक्ताला प्राणवायू वाहून नेणं आपल्या रक्ताइतकं जमत नाही, तो लवकर थकतो आणि दिवसाचा बराच भाग बिळात बसून काढतो. टाकीसमोर वीस मिनिटं थांबणाऱ्याला हे बसणं दिसतं. धडाचं संथ फुगणं आणि आक्रसणं दिसतं, काचेला चिकटलेल्या चूषकांची वेगवेगळी हालचाल दिसते, कातडीवरचा रंग क्षणात पालटून परत येताना दिसतो, आणि अधूनमधून आडव्या बाहुलीचा एक डोळा बघणाऱ्याकडं वळतो. पडद्यावरचा ऑक्टोपस कोणाकडंच बघत नसतो. राहिला प्रश्न समुद्रात जाऊन बघण्याचा. ते जिथं शक्य आहे तिथं आधी तेच करावं. ऑस्ट्रेलियातल्या जर्व्हिस उपसागरात २००९ साली सापडलेल्या ऑक्टोपसांच्या वस्तीनं शेजाऱ्यांशी ते कसे वागतात, एकमेकांवर चिखल आणि शिंपले कसे फेकतात, हे दाखवलं; एकेकटे ठेवलेल्या टाक्यांत हे कधी कळलं नसतं. मुंबईत ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा गट २०१७ पासून ओहोटीच्या वेळी लोकांना खडकाळ किनाऱ्यांवर नेतो आणि खडकांमधल्या डबक्यांत काय काय जगतं ते दाखवतो. तिथं ऑक्टोपसही दिसून जातो. फार मोलाचं काम आहे हे. पण डबक्यात दिसलेला ऑक्टोपस दोन मिनिटांत खडकाखाली जातो. तो आहे हे कळतं. तो कसा आहे हे कळायला सहवास लागतो. शिवाय उत्तर पॅसिफिकच्या दहा अंशांच्या आसपासच्या गार, गढूळ पाण्यात किती शाळकरी मुलं उतरणार आहेत?

कैदेबद्दलचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि तो बहुधा इंकीच्या गोष्टीनं मांडला जातो. न्यूझीलंडमध्ये नेपियरच्या राष्ट्रीय मत्स्यालयातला हा ऑक्टोपस २०१६ साली टाकीच्या वरच्या फटीतून बाहेर पडला, जमिनीवरून सरपटत गेला आणि सुमारे ५० मीटर लांबीच्या नळातून समुद्रात पोचला. जगानं टाळ्या वाजवल्या. या पलायनातून स्वातंत्र्याची ओढ वाचणं सोपं आहे, पण रानातले ऑक्टोपसही थोड्या थोड्या काळानं बीळ बदलतात आणि फट दिसली की तिच्यात शिरून पाहतात. इंकीच्या मनात काय होतं ते आपण सांगू शकत नाही. सांगू शकतो ते एवढंच की त्या टाकीत एक फट होती आणि त्या प्राण्याला तिच्यात शिरण्याइतका रस वाटला. तेवढंही मत्स्यालयाविरुद्ध पुरेसं गंभीर आहे. रिकाम्या, उजळ, गुळगुळीत टाकीत ठेवलेला ऑक्टोपस स्वतःच काहीतरी शोधून काढतो. जर्मनीत कोबुर्गच्या मत्स्यालयातल्या ऑटोनं २००८ साली वरच्या दिव्यावर पाणी मारून वीजच घालवली होती. यावरचा उपाय ठाऊक आहे आणि चांगली मत्स्यालयं तो करतातही: दगड, कपारी, रचना बदलत राहणं, झाकणाच्या बरणीत खेकडा देऊन ती उघडायला लावणं. जो उपाय फार थोड्या ठिकाणी होतो तो सर्वांत महत्त्वाचा आहे. ऑक्टोपसला पूर्णपणे नजरेआड जाता आलं पाहिजे. टाकीत असं एक बीळ हवं की ज्याचं तोंड प्रेक्षकांकडं नाही आणि ज्यावर दिवा नाही. तो आत असेल तर बाहेर पाटी लावावी की तो आत आहे, आज दिसेलच असं नाही, आणि त्याला हुसकून बाहेर काढलं जाणार नाही. तिकिटाचे पैसे वाया गेल्याची तक्रार येईल; येऊ द्यावी. लपणं हाच ज्या प्राण्याच्या जगण्याचा आधार आहे, त्याला सदैव दिसायला लावून त्याच्याबद्दल खोटंच शिकवलं जातं. टाकी बंद करा म्हणणाऱ्यांनी आपलं बळ या मागणीमागं लावलं तर कित्येक ऑक्टोपसांचं जगणं लवकर सुधारेल.

मत्स्यालयांनी स्वतःच्या हातांनी केलेलं नुकसानही कमी नाही. २०१० च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनीतल्या ओबरहाउझेनच्या मत्स्यालयात पॉल नावाच्या ऑक्टोपससमोर दोन देशांचे झेंडे लावलेल्या पेट्यांत शिंपले ठेवले जात आणि तो ज्या पेटीकडं जाईल तो देश जिंकणार, असं भाकीत धरलं जाई. आठही वेळा ते खरं ठरलं. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनीही पॉलच्या बातम्या पहिल्या पानावर छापल्या. त्या महिन्यात पृथ्वीवरच्या कोणत्याही ऑक्टोपसपेक्षा जास्त माणसांनी त्याला पाहिलं आणि ऑक्टोपसबद्दल जवळजवळ काहीही शिकलं नाही. तो ऑक्टोबरात मेला तेव्हा अडीच-पावणेतीन वर्षांचा होता. त्याच्या जातीला एवढंच आयुष्य असतं, हे किती बातम्यांनी सांगितलं? सिॲटलमध्येही बरीच वर्षं व्हॅलेंटाइन दिनाला नर आणि मादी ऑक्टोपसांची लोकांसमोर भेट घडवली जाई. २०१६ साली नर एवढा मोठा होता की तो मादीला खाईल या भीतीनं तो कार्यक्रम रद्द झाला. प्रियकर-प्रेयसीच्या गोष्टीत हा प्राणी बसत नाही हे त्याच्या आकारानं दाखवून दिलं, ते बरंच झालं. असे कार्यक्रम गर्दी आणतात आणि ओळख पुसतात. माझी बाजू टाकीची आहे, तमाशाची नाही. आणि बंदीवाल्यांचा राग मुळात तमाशावर असतो असं त्यांचं लिखाण वाचताना पुनःपुन्हा जाणवतं.

आता उरतो तो आक्षेप, ज्याला पुरतं उत्तर माझ्याकडं नाही. समजा टाकी उत्तम आहे, सांभाळणारे जाणते आहेत, तमाशा नाही. तरी हा एक प्राणी समुद्रातून उचलून आणलेला आहे. महाकाय ऑक्टोपसची पिल्लं महिनोन्महिने पाण्यात तरंगत वाढतात, त्यांना टाकीत जगवणं अतिशय अवघड असतं, त्यामुळं मत्स्यालयातला जवळजवळ प्रत्येक ऑक्टोपस रानातून येतो. एक मादी कित्येक हजार अंडी घालते, त्यांतली एकदोनच मोठी होतात, तेव्हा एखादा उचलल्यानं जातीला धक्का लागत नाही, हे खरं. पण ज्याला स्वभाव आहे असं मी आत्ताच सांगितलं त्याला आकडेवारीत विरघळवून टाकायचा मला अधिकार उरत नाही. मग किंमत तरी कमीत कमी असावी. सिॲटलमध्ये ऑक्टोपस जवळच्याच समुद्रातून आणतात आणि तो वयात आला, जोडीदार शोधायची वेळ झाली, की परत सोडतात. या जातीचं आयुष्य तीन ते पाच वर्षांचं. मादी अंडी घातल्यावर सहा-सात महिने न खाता त्यांची राखण करते आणि मरते. जेरोम वोडिन्स्की यांनी १९७७ साली दुसऱ्या एका जातीत दाखवलं की डोळ्यांजवळच्या दोन ग्रंथी काढल्या तर मादी राखण सोडून पुन्हा खाऊ लागते आणि जास्त जगते, म्हणजे हे मरण तिच्या शरीरातच लिहिलेलं असतं. टाकीत ठेवलेली मादी तेच करते, बहुधा फलित न झालेल्या अंड्यांसाठी. साय माँटगोमेरी यांच्या २०१५ सालच्या पुस्तकामुळं प्रसिद्ध झालेली बॉस्टनच्या मत्स्यालयातली ऑक्टेव्हिया अशाच अंड्यांना जपत राहिली. ते पुस्तक वाचून लाखो लोक ऑक्टोपसच्या जवळ आले असतील. तरी माझ्या मते ऑक्टेव्हियाला तिथं आणायला नको होतं. पॅसिफिकचा प्राणी अटलांटिकच्या काठावर आणला की त्याला परत सोडायची वाटच बंद होते. जिथं आणलं तिथंच, वेळेत, सोडता येणार नसेल तर ती जात ठेवू नये, ही अट मी मानतो, आणि ती लागू केली तर समुद्रापासून दूर असलेल्या शहरांतल्या आणि दूरदेशी ऑक्टोपस मागवणाऱ्या पुष्कळ मत्स्यालयांच्या टाक्या बंद कराव्या लागतील. त्या बंद व्हाव्यात. मुंबईतल्या एखाद्या मत्स्यालयाला उद्या ऑक्टोपस ठेवायचा असेल तर तो इथल्याच खडकांतला असावा, त्याच्यासाठी अंधारं बीळ असावं, कोणत्या किनाऱ्यावरून तो आणला याची नोंद टाकीवर सर्वांना वाचता येईल अशी लावलेली असावी, आणि परत सोडण्याची मुदत तो टाकीत उतरायच्या आधी ठरलेली असावी.